जड पाणी (बेळगाव सीमाभाग)

कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले असल्याने ज्या पाण्यात साबणाचा फेस सहजासहजी होत नाही, ते जड किंवा दुष्फेन पाणी. जडपणा कॅल्शियम कार्बोनेटच्या भाषेत मोजतात. लिटरमागे ७५ मिलिग्रॅमपर्यंतचे पाणी मृदू, १५० पर्यंतचे मध्यम, ३०० पर्यंतचे जड व त्यापुढचे अतिजड, ही वर्गवारी सामान्यतः वापरतात. आयएस १०५०० : २०१२ या भारतीय मानकाने पिण्याच्या पाण्यासाठी २०० ही स्वीकार्य मर्यादा ठेवली आहे, दुसरा स्रोतच नसेल तेथे ६०० पर्यंत मुभा आहे. बायकार्बोनेटांमुळे आलेला जडपणा उकळल्यावर जातो, म्हणून तो तात्पुरता. सल्फेट व क्लोराइडांमुळे आलेला उकळूनही राहतो, म्हणून तो कायमचा. घरातले बहुतेक उपाय फसतात ते हा फरक न पाहिल्याने.

उगम : सीमाभागातील जडपणा कोठून येतो, याबद्दल एकमत नाही. बेळगाव जिल्ह्याचा उत्तर व वायव्य भाग, म्हणजे निपाणी, चिक्कोडी, रायबाग, अथणी, दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसला आहे. या बेसॉल्टमधील प्लॅजिओक्लेज व पायरोक्सिन ही खनिजे कुजताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सुटतात, आणि मुरणाऱ्या पाण्यातील कार्बन डायऑक्साइडशी त्यांची बायकार्बोनेटे बनतात. दुसऱ्या मतानुसार मुख्य वाटा काळ्या जमिनीतील चुनखडीच्या खड्यांचा आहे. कमी पावसाच्या अथणीकडे पाणी खाली निचरून जाण्यापेक्षा बाष्प होऊन अधिक जाते, चुना मातीतच गोठतो आणि पुढच्या पावसात पुन्हा विरघळतो. तिसरे मत कालव्याच्या व उपशाच्या सिंचनाला जबाबदार धरते. कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात क्षारपड जमिनी वाढल्या आहेत, आणि घटप्रभेवरील धूपदाळ बंधाऱ्यापासूनचे सिंचन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले असावे. ही मते परस्परविरोधी मानण्याचे कारण दिसत नाही. तात्पुरत्या जडपणाला पहिली दोन कारणे पुरतात. कायमचा जडपणा क्लोराइड व नायट्रेट यांच्या जोडीने वाढलेला आढळला, तर तिसरे कारण अधिक ग्राह्य ठरते.

गोकाक-रामदुर्ग पट्ट्यात कलादगी समूहाचे खडक आहेत. रॉबर्ट ब्रूस फूट यांनी दक्षिण मराठा प्रदेशाच्या १८७६ च्या भूवैज्ञानिक वृत्तांतात त्यांचे वर्णन केले. त्यांतील यादवाडकडची चुनखडी पाणी जड करते. गोकाकच्या धबधब्याचा क्वार्ट्झाइट हा कठीण, गारेचा खडक मात्र जवळजवळ काहीच देत नाही, त्यामुळे एकाच पट्ट्यात दोन विहिरींचे पाणी पूर्णपणे वेगळे लागू शकते. खानापुराकडे मुसळधार पावसाने जांभा धुऊन निघाला आहे. तेथले पाणी मृदू.

नळाचे पाणी : बेळगाव शहराला मार्कंडेय नदीवरील राकसकोप आणि घटप्रभेवरील हिडकल येथून पाणी येते. हे पृष्ठजल असल्याने भूजलाच्या तुलनेत मृदू असते. तरीही अनेक घरांत नळाला जड पाणी येते, कारण पुरवठा दररोज नसला की संपात, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत, आणि गच्चीवरच्या टाकीत बोअरचे पाणी मिसळले जाते. न्हाणीतला नळ शहर पुरवठ्याचे नव्हे, टाकीचे पाणी देतो. नमुना घ्यायचा तो म्हणूनच मीटरजवळच्या नळाचा एक आणि टाकीचा एक, असा वेगवेगळा. आणि उन्हाळ्यात, कारण पावसाळ्यात बोअरही काहीसे हलके होते.

घरगुती परिणाम : साबण आधी कॅल्शियमशी संयोग पावून न विरघळणारा चोथा बनतो, फेस नंतर. जडपणाच्या दर ग्रॅमला सुमारे ६ ग्रॅम शुद्ध साबण वाया जातो. ३०० मिलिग्रॅमच्या २० लिटर बादलीत जडपणा ६ ग्रॅम, म्हणजे फेसाआधीच साधारण ३६ ग्रॅम साबण गेला. हाच चोथा कपड्यांना राखट करतो व केसांना चिकटतो. शहापूर-वडगावच्या विणकरवस्तीत सूत रंगवताना रंगाचे डाग पडण्यामागेही जड पाणी हे एक कारण असते.

तूरडाळ जड पाण्यात लवकर शिजत नाही, कारण कॅल्शियम डाळीतील पेक्टिनला घट्ट बांधतो. चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला तर डाळ मऊ होते, पण थायामिन हे जीवनसत्त्व घटते. उकळून गाळलेले पाणी वापरणे बरे. चिंच मात्र डाळ शिजल्यावरच घालावी.

तांब्याच्या बंबात धुराड्याच्या नळीवर, गिझरमध्ये कॉइलवर, सौर तापकात अरुंद तांब्याच्या नळ्यांत पांढरा थर बसतो. घरात रोज ६० लिटर गरम पाणी लागत असेल आणि लिटरमागे १०० मिलिग्रॅम जरी खाली बसला, तरी महिन्याला १८० ग्रॅम होतो. थराखाली कॉइलची उष्णता पाण्यात जात नाही, ती तापत राहते आणि आवरण फुटते. थर्मोस्टॅट ५० ते ५५ अंशांवर ठेवल्यास हा वेग बराच कमी होतो.

थर काढणे : गिझरचा मुख्य विद्युतपुरवठा बंद करावा, येणारे पाणी अडवावे, टाकी रिकामी करून कॉइल बाहेर घ्यावी. लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक आम्ल (लिंबूसत्त्व) विरघळवून तासभर ती बुडवावी. बुडबुडे थांबले आणि थर उरला, तर आम्ल संपले असे समजून नवे द्रावण घ्यावे. पाणी कढत नको. कॅल्शियम सायट्रेट गरम पाण्यात कमी विरघळते व नवाच थर धरतो. उरलेला थर लाकडी काडीने काढावा. टाकीला गंजापासून वाचवणारी मॅग्नेशियमची कांडी झिजली असल्यास बदलावी, गॅस्केट नवे घालावे, आणि टाकी पूर्ण भरल्याशिवाय बटण लावू नये. न्हाणीघरासाठी मिळणारे ॲसिड वापरू नये. त्यातील क्लोराइड स्टेनलेस स्टीलला छिद्रे पाडते. ब्लीचिंग पावडरशी ते कधीही मिसळू नये, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

परीक्षा व उपाय : टीडीएस मीटर जडपणा मोजत नाही, एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. खारट पण मृदू पाणीही असते. प्रयोगशाळेत अमोनिया बफर व रंगदर्शक घालून, कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधणाऱ्या ईडीटीए या रसायनाने अनुमापन करतात. लालसर रंग निळा झाला की अंत्यबिंदू. घरी लिटरभर पाणी १५ मिनिटे उकळून, थंड करून, गाळावे आणि उकळण्यापूर्वीच्या नमुन्याशी साध्या जडपणा किटने ताडून पाहावे. घट झाली तेवढा जडपणा तात्पुरता.

तुरटी फिरवल्याने गढूळपणा बसतो, जडपणा जात नाही. उलट थोडा तात्पुरता जडपणा कायमचा होतो. धुण्याचा सोडा दोन्ही प्रकारांवर चालतो : वर सांगितलेल्या २० लिटरच्या बादलीला निर्जल सोडा ६ ते ७ ग्रॅम, मग साका बसू देऊन वरचे पाणी घ्यावे. विरलेल्या चुन्याने तात्पुरता जडपणा काढण्याची पद्धत रसायनज्ञ टॉमस क्लार्क यांनी १८४१ मध्ये पेटंट केली. पण चुना जास्त झाला तर जडपणा वाढतो, म्हणून ती घरापेक्षा जलशुद्धीकरण केंद्रालाच योग्य. रेझिनचे सॉफ्टनर कॅल्शियमच्या जागी सोडियम देतात, दर १०० मिलिग्रॅम जडपणाला सुमारे ४६ मिलिग्रॅम. न्हाणी-धुण्याला ते उत्तम, पिण्यासाठी वेगळी तोटी ठेवावी. रेझिन मिठाच्या पाण्याने धुतात, ते धुवणीचे खारे पाणी परसात सोडू नये. काळ्या चिकण जमिनीत सोडियम साठला की माती बांधली जाते आणि पाणी मुरणे थांबते.