मेंढ्यांची निवड-पैदास : आनुवंशिकी आणि सोलापूरचे कळप

कळपातील हवे ते गुण असलेल्या नर-माद्यांनाच पुढच्या पिढीचे आईबाप होऊ देणे, बाकीच्यांना पैदाशीतून बाजूला ठेवणे, याला निवड-पैदास म्हणतात. मेंढी माणसाळली ती सुमारे दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी, पश्चिम आशियात. तिच्या रानटी पूर्वजांच्या अंगावर भरड केसांचा थर असे आणि लोकर त्याखाली थोडीशीच. आजची लोकर हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीचे फळ आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये रॉबर्ट बेकवेल याने ठरवून, जवळच्या नात्यात पैदास करून लेस्टर मेंढ्यांचा वाण घडवला. जनुके कशी चालतात हे कळले ते त्यानंतर शतकाहून अधिक काळाने.

सोलापूर जिल्ह्याच्या सांगोला, मंगळवेढा, माळशिरस या कमी पावसाच्या पट्ट्यात मेंढपाळी हा धनगर समाजाचा पिढीजात व्यवसाय आहे. इथली मूळ मेंढी दख्खनी : बहुतेक काळी, अंगाने काटक, लोकर भरड, एका वेताला साधारणपणे एकच कोकरू. चाऱ्यासाठी रोज मैलोन्‌मैल चालणे, उन्हाळ्यात अर्धपोटी राहणे आणि तरीही गाभण जाणे, हा तिचा खरा गुण. तो माणसाइतकाच दुष्काळानेही निवडलेला आहे. शेजारच्या सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यातून आलेली माडग्याळ मेंढी उंच, लांब, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपक्यांची आणि पोपटाच्या चोचीसारख्या नाकाची असते. मांसाला मागणी वाढली आणि लोकरीला भाव उरला नाही, तसे माडग्याळ नर सोलापूरच्या कळपांतही दिसू लागले.

'नर म्हणजे अर्धा कळप' असे पशुपालक म्हणतात, आणि आनुवंशिकीच्या हिशेबात ते तंतोतंत बसते. मेंढीच्या पेशीत ५४ गुणसूत्रे, म्हणजे २७ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतले एक आईकडून येते, एक बापाकडून. मेंढी आयुष्यभरात मोजकीच कोकरे देते, पण एका हंगामात पंचवीस-तीस मेंढ्यांच्या कोकरांचा बाप एकच नर असू शकतो. त्यामुळे सुधारणा बहुतांशी नराच्या निवडीतून होते आणि बिघाडही तिथूनच होतो. इथे एक दुखरी गोष्ट नोंदवली पाहिजे. घरात पैशाची निकड आली की व्यापाऱ्याला आधी दिले जाते ते जोमदार नर कोकरू, कारण पैसे त्याचेच होतात. मागे राहिलेल्यांतून पैदाशीचा नर ठरतो. असे वर्षानुवर्षे होत राहिले, तर नकळत उलटी निवड होते.

निवडलेल्या आईबापांचा सगळा वरचढपणा पिलांत उतरत नाही. काही भाग चाऱ्याचा, काही आईच्या दुधाचा, काही नशिबाचा असतो. उरतो तो आनुवंशिक वाटा. लोकरीच्या वजनासाठी तो साधारण ३० ते ४० टक्के, वाढीच्या वजनासाठी १५ ते ३० टक्के, तर एका वेतातील कोकरांच्या संख्येसाठी जेमतेम १० टक्के धरला जातो. समजा, एका वाड्यातील, म्हणजे मेंढपाळाच्या कळपातील, कोकरांचे तीन महिन्यांचे सरासरी वजन १२ किलो आहे आणि १६ किलोचा नर पैदाशीला ठेवला. मेंढ्यांची काही निवड केली नाही. आईबाप मिळून वरचढपणा २ किलो झाला. वाढीचा आनुवंशिक वाटा २५ टक्के धरला, तर त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे अर्धा किलो, पुढच्या पिढीच्या सरासरीत भरेल. मेंढ्यांची एक पिढी सुमारे तीन वर्षांची. अर्धा किलो तीन वर्षांनी हा वेग थोडा वाटतो, पण तो टिकाऊ असतो. खुराक बंद केला की वजन उतरते. जनुकांतून आलेली वाढ मात्र कळपात राहते.

नुसत्या नजरेच्या निवडीत एक मोठा चकवा आहे. जुळ्यातले कोकरू एकट्या जन्मलेल्यापेक्षा हलके असते, कारण पोटातली जागा आणि आईचे दूध दोघांत वाटले जाते. पहिलटकरणीचे कोकरूही तसेच बारीक. सगळी कोकरे एका रांगेत उभी करून सर्वांत मोठा नर उचलला, तर बहुतेक वेळा एकेरी वेताचा, जुन्या मेंढीचा नर हाती लागतो, आणि जुळे देणारा वंश दरवेळी मागे पडतो. म्हणूनच जन्माची तारीख, आई कोणती, तिचे कितवे वेत, कोकरू एकटे की जुळे, या चार नोंदी वजनकाट्याइतक्याच महत्त्वाच्या आहेत. अनेक घरांची मेंढरे एकत्र फिरतात तिथे आई सांगता येते. बापाची खात्री देणे अवघड असते.

जुळे देण्याच्या गुणाचा आनुवंशिक वाटा जेमतेम १० टक्के असेल, तर निवडीने जुळी वाढवायला कित्येक पिढ्या जातील. याला एक विलक्षण अपवाद सापडला, आणि त्याचे काम सोलापूरच्या वेशीवर, माळशिरसला लागून असलेल्या फलटणमध्ये झाले. सुंदरबनातील गारोळ ही पंधरा किलोंच्या आतबाहेरची छोटी मेंढी एका वेताला दोन-तीन कोकरे देते. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून मेंढ्या ऑस्ट्रेलियात नेल्या गेल्या आणि तिथल्या बुरुला मेरिनो या बहुप्रसव कळपाचा वारसा त्यांच्याकडे जातो असे मानतात. दोघींतही फेक-बी नावाचे एकच जनुकीय रूप आहे. २००१ मध्ये त्याचा नेमका पत्ता लागला : सहाव्या गुणसूत्रावरील बीएमपीआर-१बी या जनुकात एका अक्षराचा बदल. त्या बदलामुळे अंडाशयातील पुटके, म्हणजे अंडी वाढवणाऱ्या पिशव्या, लहान आकाराची असतानाच पक्व होतात आणि एका माजात एकाहून अधिक अंडी सुटतात.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गारोळमधले हे एकच जनुक दख्खनी मेंढीत उतरवले. आधी संकर, मग संकरित पिलांचा पुन्हापुन्हा मोठ्या अंगाच्या जातींशी मेळ, आणि प्रत्येक पिढीत फेक-बी असलेलेच पुढे नेणे, अशी ती रीत. गारोळचा लहान आकार हळूहळू गळून गेला, जुळ्यांचे जनुक राहिले. या वाणाला 'नारी सुवर्णा' नाव मिळाले. हे जनुक नराच्या अंगातही असते, पण नरात ते दिसत नाही. कितीही जाणत्या माणसाने नर निरखला तरी तो जुळ्यांचा वारसा देईल की नाही हे सांगता येणार नाही. रक्ताच्या थेंबावर डीएनए तपासणी करावी लागते. नरात जनुकाची एक प्रत असेल तर निम्म्या कोकरांना ते मिळते, दोन प्रती असतील तर सर्वांना. मेंढीत मात्र एकच प्रत असलेली बरी. दोन प्रती असल्या की तिळी होऊ लागतात, कोकरे अशक्त निघतात आणि दूध पुरत नाही. सांगोल्याच्या माळावर भर उन्हाळ्यात व्यालेल्या मेंढीला जुळे पोसायचे, तर तिला मक्याचा भरडा, पेंड आणि चार दिवस सावली द्यावीच लागेल. ही तयारी नसेल तिथे हा वाण नेऊ नये, असे स्पष्ट म्हणायला हवे.

रंगासारखे गुण थोड्याच जनुकांवर ठरतात. अनेक जातींत पांढरा रंग प्रभावी, म्हणजे काळ्याला झाकणारा, असल्याने पांढऱ्या नर-मादीच्या पोटी काळे कोकरू येऊ शकते. काही जातींत उलट, काळाच प्रभावी ठरतो. काळ्या दख्खनीच्या लोकरीला रंगवावे लागत नाही. घोंगडी विणणाऱ्या सणगरांच्या मागावरचे काळे घोंगडे त्याच नैसर्गिक रंगाचे, आणि कोकराच्या पहिल्या कातरणीची जावळाची लोकर त्यात सर्वांत मऊ. मांसासाठी सर्वत्र माडग्याळ नर सोडले गेले, तर ही लोकर सर्वांत आधी संपेल. एखाद्या भागात तरी दख्खनीचे शुद्ध कळप राखणे गरजेचे आहे.

माडग्याळच्या नाकाला आणि उंचीला यात्रेत लाखांच्या बोली लागतात. नाकाचा बाक वाढीशी किंवा दुधाशी जोडलेला असल्याचा पुरावा नाही, पण नावाजलेल्या नराकडे आसपासच्या सगळ्या मेंढ्या नेल्या जातात आणि काही वर्षांत गावोगाव सावत्र भावंडेच उभी राहतात. सावत्र भावंडांच्या मेळातून झालेल्या कोकराचा अंतर्गत पैदास गुणांक, म्हणजे जवळच्या नात्यातील मेळाचे माप, १२.५ टक्के, बाप-लेकीच्या मेळातला २५ टक्के. तो वाढला की लपलेले दोष वर येतात : मरतुक वाढते, वाढ खुंटते, मेंढ्या गाभण राहत नाहीत. स्वतःच्या मुली पैदाशीला येण्याआधी, साधारण दोन वर्षांत नर बदलावा तो यासाठी. बदली नराची चौकशी करायला सांगोला तालुक्यात महूदला राज्याच्या मेंढी व शेळी विकास महामंडळाचे प्रक्षेत्र आहे. दूरच्या दोन वाड्यांनी आपसांत नरांची अदलाबदल केली, तर पैसेही लागत नाहीत. फक्त दोन्ही नर मुळात एकाच बापाचे नाहीत ना, एवढे आधी विचारून घ्यावे.