पुदुकोट्टाईची सायकल चळवळ

पुदुकोट्टाई हा तामिळनाडूतला, त्रिचीच्या दक्षिणेचा गरीब जिल्हा. १९४८ पर्यंत इथे संस्थान होतं, वेगळा जिल्हा झाला १९७४ मध्ये. शेतमजुरी आणि दगडखाणी यावर पोट असलेली बरीच माणसं. ह्या जिल्ह्यात १९९१ पासून पुढच्या थोड्याच काळात खेड्यातल्या बायका सायकल शिकल्या, आणि दहा-वीस नाही, पत्रकार पी. साईनाथ यांच्या अंदाजाने लाखाच्या वर. दहा वर्षांखालच्या मुली सोडल्या तर ग्रामीण भागातली साधारण दर चौथी बाई. एनसीईआरटीच्या आठवीच्या हिंदी पुस्तकात साईनाथ यांचा यावरचा धडा होता, त्यामुळे सीबीएसईत शिकलेल्या बऱ्याच जणांना हे नाव तिथूनच माहीत असतं.

सुरुवात सायकलीपासून झालीच नाही. तेव्हा देशभर साक्षरता मोहिमांचं वारं होतं, केरळातला एर्नाकुलम १९९० मध्ये पूर्ण साक्षर जाहीर झालेला, त्याच धर्तीवर इथे 'अरिवोळी इयक्कम' (म्हणजे ज्ञानाच्या प्रकाशाची चळवळ) ही साक्षरता मोहीम सुरू झाली. कलेक्टर होत्या शीला राणी चुंकत. अडचण अगदी साधी होती, शिकवणाऱ्या कार्यकर्त्या बायका आतल्या वाड्या-वस्त्यांपर्यंत पोचणार कशा, एसटीसारखी बस दिवसातून कधीतरी येणार आणि बाईला सोडायला-आणायला घरचा पुरुष मोकळा पाहिजे. म्हणून आधी कार्यकर्त्यांनाच सायकल शिकवायची असं ठरलं आणि मग पुढचं पाऊल, की सायकल हा साक्षरतेच्या कार्यक्रमाचाच भाग करून टाकायचा. मला यातली खरी हुशारी इथेच दिसते. "सायकल चालवा, तब्येत सुधारा" असलं कोणी सांगत बसलं नाही, अक्षरं गिरवायला आलेल्या बाईला त्याच गावात, त्याच मैत्रिणींबरोबर सायकलही शिकायला मिळाली.

शिकवण्याची पद्धत आपण सगळे शिकलो तीच. एकीने सीट धरून मागे पळायचं, दुसरीने हँडल सांभाळायचं, पडलं की उठायचं. फरक एवढाच की हे घराच्या मागच्या बोळात लपून नाही, गावाच्या मोकळ्या जागेवर सगळ्यांसमोर. रविवारच्या शिबिराला बायका ठेवणीतल्या कपड्यांत यायच्या. जी कालच शिकली ती आज दुसरीला शिकवायची, त्यामुळे बाहेरचा ट्रेनर वगैरे भानगड फारशी लागलीच नाही. सायकलीवर गाणी रचली गेली, तीही चळवळीतल्याच लोकांनी. शेतमजूर, खाणकामगार, अंगणवाडीच्या ताई, नर्स, शिक्षिका, ग्रामसेविका, सगळ्या यात होत्या. सुरुवातीला पुरुषांकडून घाणेरडी शेरेबाजी झालीच, पण एकटी बाई सायकलवर दिसली तर टोमणे मारणं सोपं, अख्खी गल्ली सायकलवर निघाली की टोमणा मारणाऱ्याची बायकोही त्यातच असते.

सायकली आल्या कुठून हा प्रश्न उरतोच. फुकट वाटप झालं नाही. कार्यकर्त्या बायकांना बँकांनी सायकलसाठी कर्ज दिलं. ज्यांना विकत घेणं जमत नव्हतं त्या भाड्याने घ्यायच्या, आपल्याकडे पूर्वी कोपऱ्यावरच्या सायकल मार्टवाल्याकडून तासाने मिळायची तशीच. एका शिक्षिकेला स्वतःची सायकल परवडत नव्हती, पण नाद एवढा लागलेला की ती रोज संध्याकाळी अर्धा तास भाड्याची सायकल घेऊन फिरून यायची. मागणी इतकी वाढली की लेडीज सायकलींचा तुटवडा पडला, एका दुकानदाराने तर विक्री साडेतीनशे टक्क्यांहून जास्त वाढल्याचं सांगितलं होतं. मग बायका सरळ जेन्ट्स सायकल घेऊ लागल्या आणि काहींना तीच जास्त आवडली, कारण पुढे दांडा असतो ना, त्यावर पोराला बसवता येतं! मागे कॅरियरला सामान, पुढे दांड्यावर मूल, हे चित्र तिथे रोजचं झालं. लेडीज सायकल डिझाईन करताना कोणी हा विचार केला असेल असं वाटत नाही.

१९९२ च्या महिला दिनानंतर दीड हजाराहून जास्त बायकांनी सायकल रॅली काढली, आणि वेगवेगळ्या गावांतल्या प्रदर्शन-स्पर्धांमधून ७०,००० बायकांनी सायकल चालवून दाखवली. युनिसेफने अरिवोळीच्या कार्यकर्त्यांसाठी ५० मोपेड मंजूर केल्या.

पैशाचा फायदा झाला, शेतातला माल विकायला जाणाऱ्या बाईला आधी बसची वाट बघण्यातच निम्मा दिवस जायचा आणि एखाद-दुसऱ्या गावापलीकडे जाता यायचं नाही, कारण घरी पोरं, पाणी, स्वयंपाक. आता ती चार गावं करून वेळेत परत यायला लागली. पण बायका स्वतः सांगायच्या त्यात पैसा नंतर यायचा, कुणाला विचारावं लागत नाही, कुणासाठी थांबावं लागत नाही हे आधी.

सरकारी सायकल वाटपाशी याची तुलना नेहमी होते, पण ती जरा जपून करावी. बिहारने २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकलसाठी पैसे द्यायला सुरुवात केली आणि अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासात माध्यमिक शाळेतल्या मुलींचा प्रवेश ३२ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं, म्हणजे वाटपही काम करतंच. महाराष्ट्रातही मागास तालुक्यांसाठीच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. मात्र ह्या योजना शाळकरी मुलीपाशी सुरू होतात आणि तिच्यापाशीच संपतात. तिची आई, आत्या, शेजारची काकू त्यात कुठेच नाही, पुदुकोट्टाईत नेमक्या ह्याच वयाच्या बायका सीटवर बसल्या होत्या.