एकाच बाईचे दहा नमुने

१९७७ साली दोन गोष्टी घडल्या. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, मूल होण्याच्या वयातल्या बायकांना औषधचाचण्यांच्या सुरुवातीच्या टप्प्यांतून वगळायला सांगितलं. गरोदरपणात घेतल्याने हजारो बाळं व्यंग घेऊन जन्मली, त्या थॅलिडोमाइड या औषधाची धास्ती होतीच. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोचे औषधशास्त्रज्ञ लुईस शाइनर यांनी रोझेनबर्ग आणि मराठे (हो, आडनाव मराठेच) यांच्याबरोबर एक शोधनिबंध छापला. रोजच्या उपचारात अधूनमधून घेतलेल्या रक्तनमुन्यांवरूनही शरीर औषधाचं काय करतं याचा हिशेब मांडता येतो, हे त्यात होतं. गरोदर बायकांची माहिती पुढे बव्हंशी अशाच नमुन्यांतून यायची होती.

त्याआधी अशा हिशेबाच्या दोन वाटा मळलेल्या होत्या. सगळ्यांचे आकडे एका टोपलीत ओतायचे. मग एकीचे आठ नमुने आठ बायकांचे असल्यासारखे मोजले जातात. नाहीतर प्रत्येकीचा आलेख वेगळा काढून सरासरी घ्यायची. त्याला माणशी भरपूर नमुने लागतात, आणि सातव्या महिन्यातल्या बाईला तासातासाला सुई कोण टोचणार? शाइनर आणि स्टुअर्ट बील यांच्या नॉनमेम या संगणकप्रणालीने माणसामाणसांतला फरक एका खात्यात टाकला आणि एकाच माणसाच्या आकड्यांतली उरलेली चूकभूल दुसऱ्यात.

पण तीच व्यक्ती दर खेपेला थोडी वेगळी असते. या फरकासाठी तिसरं खातं उघडलं नाही तर उत्तरं तिरकी येतात, हे मॅट्स कार्लसन आणि शाइनर यांनी १९९३ मध्ये दाखवलं. एफडीएने ती बंदी मागे घेतली तीही १९९३ मध्येच.

गरोदरपणात हे तिसरं खातं फार फसवं. खेपेगणिक होणारा बदल तिथे नुसता हेलकावा नसतो, त्याला दिशा असते. अपस्मारावरचं लॅमोट्रिजिन घ्या. इस्ट्रोजेन वाढतं तसं यकृत ते झपाट्याने निकालात काढतं, गोळी तीच राहून रक्तातली पातळी उतरते आणि झटके परततात. २०१४ मध्ये ६० बायकांच्या ६४ गरोदरपणांतले ६०० नमुने तपासले गेले. आठवड्यागणिक औषधाचा निचरा, म्हणजे शरीरातून ते बाहेर पडण्याचा वेग, वाढतो हे दिसलंच, पण बायकांचे दोन गटही निघाले. ७७ टक्क्यांमध्ये ही वाढ उरलेल्यांच्या दसपट वेगाने होत होती. टोपलीत ओतले असते तर हे गट एकमेकांत विरघळून गेले असते. बाळंतपणानंतर वाढलेला निचरा सुमारे चार दिवसांत निम्म्याने खाली येतो. गरोदरपणात वाढवलेला डोस तसाच चालू राहिला, तर बाळंतिणीला चक्कर येऊ लागते.