अमली पदार्थांचे सेवन : शासकीय कर्मचाऱ्यांवरील शिस्तभंग कारवाई (नाशिक)

गांजा, चरस, मेफेड्रोन (बोलीत ‘एमडी’) अशा पदार्थांच्या सेवनाबद्दल शासकीय कर्मचाऱ्याची होणारी विभागीय चौकशी व तीतून मिळणारी शिक्षा. फौजदारी खटला वेगळा चालतो.

सेवनावरील बंधनाचा उगम 1949 च्या मुंबई दारूबंदी अधिनियमात पाहता येतो. तथापि केंद्राच्या 1964 च्या वर्तणूक नियमांतही तशीच तरतूद असल्याने ते बंधन केवळ मुंबई राज्याच्या धोरणाचा वारसा मानणे अपुरे वाटते. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 हे पदार्थांची यादी देत नाहीत. कर्मचारी जेथे असेल तेथील नशाविषयक कायदा त्याने काटेकोर पाळावा, असा त्यांचा आशय आहे. भांगेचा पेच यातूनच उद्भवतो. गुंगीकारक औषधी द्रव्यांविषयीच्या 1985 च्या केंद्रीय अधिनियमात गांजा व चरस येतात, नुसती पाने, म्हणजे भांग, येत नाहीत. 1949 च्या अधिनियमात मात्र भांग मादक द्रव्यच आहे. त्र्यंबकेश्वरी सिंहस्थाच्या बंदोबस्तावरील शिपायाने साधूच्या चिलमीचा झुरका घेतला तर एक कायदा मोडतो, भांगेचा पेला घेतला तर दुसरा; वर्तणूक दोन्हींत चुकतेच. मेफेड्रोन 1985 च्या अधिनियमाच्या अनुसूचीत (पदार्थांच्या यादीत) 2015 मध्ये आले. नाशिकजवळच्या शिंदे गावातील त्याचा कारखाना ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबई पोलिसांनी उघडकीस आणला.

नियम कोणते, हे नेमणुकीवर ठरते. महसूल कर्मचाऱ्यांना 1979 चे शिस्त व अपील नियम, जिल्हा परिषदेला 1964 चे, पोलीस शिपायाला 1956 चे. नाशिकरोडच्या नोट मुद्रणालयाचे कामगार सरकारी समजले जातात, पण 2006 पासून ते मुद्रणालय महामंडळाकडे आहे. सहसा चौकशीविना बडतर्फ न होण्याचे संविधानाच्या अनुच्छेद 311 चे कवच महामंडळाच्या नोकराला नसते. देवळालीच्या तोफखान्यातील जवान कामावर नसतानाही नशेत आढळला तर 1950 च्या सेना अधिनियमाखाली दोषी ठरतो.

राज्य कर्मचारी 48 तासांहून अधिक कोठडीत राहिला तर तो निलंबित झाल्याचे मानले जाते. पुढे दोषारोपपत्र, चौकशी अधिकारी, साक्षीपुरावे. सिद्ध झालेला दोष वेतनवाढ रोखण्यापासून बडतर्फीपर्यंत नेऊ शकतो. बडतर्फीनंतर सरकारी नोकरीचे दार सामान्यतः बंदच. खटल्यात दोषी ठरलेल्याला चौकशीविनाही काढता येते, आणि सुटलेलाही चौकशीतून आपोआप सुटत नाही, कारण येथे संभाव्यतेचा झुकाव, म्हणजे दोष घडल्याची शक्यता अधिक दिसणे, पुरतो; खटल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही.

स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनीला 1985 च्या अधिनियमाचे कलम 64अ संरक्षण देते, पण ते खटल्यापुरतेच.