प्फांट

प्फांट (दास प्फांट, नपुंसकलिंगी, अनेकवचन प्फेंडर) : गहाण किंवा अनामत या अर्थाचे जर्मन नाम. सोने गहाण ठेवून कर्ज देणारे दुकान म्हणजे ‘प्फांटहाउस’. जर्मनीतल्या रोजच्या बोलण्यात मात्र प्फांट म्हणजे बाटलीवरची अनामत, आणि या अर्थी शब्द सहसा एकवचनातच येतो. उच्चारात ‘प’ आणि ‘फ’ एका दमात जोडून येतात. जर्मन लिपीत शेवटी ‘ड’ (d) लिहितात, पण बोलताना त्याचा ‘ट’ होतो.

या एका शब्दाखाली दोन वेगळ्या व्यवस्था चालतात. ‘मेअरवेग’ बाटल्या धुऊन पुन्हा भरतात. काचेची बाटली 50 वेळांपर्यंत फिरते. तिची अनामत व्यापारी रूढीने ठरलेली : बिअरच्या साध्या बाटलीला 8 सेंट, पाण्याच्या बाटलीला 15 सेंट, रिकाम्या क्रेटला 1.50 युरो. म्हणजे 20 बाटल्यांच्या बिअरच्या क्रेटवर 3.10 युरो अडकतात. ‘आइनवेग’ बाटल्या आणि डबे एकदाच वापरायचे. त्यांवर 1 जानेवारी 2003 पासून कायद्याने 25 सेंट अनामत आहे. पुन्हा भरल्या जाणाऱ्या बाटल्यांचे प्रमाण 72 टक्क्यांच्या खाली घसरल्यामुळे ही सक्ती आली. म्हणून जास्त अनामत म्हणजे पर्यावरणाला जास्त चांगली बाटली, हा नवख्यांचा समज अगदी उलटा आहे : 25 सेंटवाली बाटली परत घेतल्यावर चेपली जाते. 2022 पासून जवळपास सर्व पेयांचे डबे आणि एकवापर प्लास्टिक बाटल्या या नियमात आल्या, 2024 पासून दुधाच्याही. वाइनच्या काचेच्या बाटलीवर सहसा प्फांट नसते. ती रंगानुसार काचेच्या कुंडीत टाकायची.

शेल्फवरच्या किमतीत प्फांट धरलेले नसते. 0.99 युरोची आइनवेग बाटली गल्ल्यावर 1.24 ला पडते. शिक्षणासाठी गेलेल्या मराठी मुलांचा हिशेब पहिल्या आठवड्यात इथेच चुकतो.

परत करताना बाटली रिकामी करून, बूड पुढे ठेवून यंत्रात सरकवायची. यंत्र ती फिरवून बारकोड वाचते, त्यामुळे लेबल सोलू नये आणि आइनवेग बाटली घरी चेपू नये. यंत्राने नाकारलेल्या चेपलेल्या बाटलीवर अनामतीचे चिन्ह ओळखू येत असेल, तर दुकानातल्या माणसाला ती हाताने परत घ्यावी लागते. परदेशातून आणलेल्या डब्यावर ते चिन्ह नसेल तर पैसे मिळत नाहीत. आइनवेग विकणारे मोठे दुकान तशा कोणत्याही ब्रँडची बाटली घेते, मात्र ते स्वतः विकते त्याच साहित्याची (प्लास्टिक, काच किंवा धातू). 200 चौरस मीटरपेक्षा लहान दुकान आपण विकतो तेवढेच ब्रँड घेऊ शकते. शेवटी बटण दाबून ‘बॉन’ म्हणजे परताव्याची पावती घ्यायला विसरू नये. तो गल्ल्यावर दिला की रोख मिळते किंवा बिलातून रक्कम वळती होते.

न परतलेल्या आइनवेग बाटल्यांची अनामत पेय भरणाऱ्या कंपनीकडेच राहते. अनेकजण रिकाम्या बाटल्या वेचून गुजराण करतात किंवा तुटपुंज्या पेन्शनला जोड देतात. त्यांना कचऱ्यात हात घालावा लागू नये म्हणून बाटली कचराकुंडीत न टाकता शेजारी उभी ठेवण्याची रीत शहरांत रुळली आहे.