दारू सोडल्यावरची एंग्झायटी

पिणं थांबवल्यावर येणारी धडधड, घाम, उडालेली झोप, दाराची बेल वाजली तरी दचकणं, आणि त्याच्या जोडीला एकटेपणा. लक्षणं घरोघरी माहीत आहेत. वाद आहे तो आधी काय आलं यावर, एंग्झायटी की दारू.

'टेन्शन होतं म्हणून प्यायला लागलो' हे सगळेच सांगतात, आणि जवळपास हेच मानसशास्त्रज्ञ जॉन काँजर यांनी १९५६ च्या सुमारास थिअरी म्हणून मांडलं: दारूने ताण उतरतो, म्हणून सवय घट्ट होते. पुढे मानसोपचारतज्ज्ञ एडवर्ड खान्झियन यांनी 'सेल्फ-मेडिकेशन'ची कल्पना मांडली, म्हणजे माणूस आपल्या त्रासावर स्वतःच औषध शोधतो. फक्त त्यांचा १९८५ चा गाजलेला पेपर हेरॉइन आणि कोकेनवर होता, दारूला तो लोक बिनधास्त लावतात. उलट शुकिट आणि हेसलब्रॉक (१९९४) या संशोधकांचं म्हणणं असं की बरीचशी एंग्झायटी दारूनेच आणलेली असते, बंद केल्यावर काही आठवड्यांत ओसरते. डीएसएम-५, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकन पुस्तक, तेसुद्धा दारू बंद झाल्यावर साधारण महिनाभर थांबून बघा, मग निदान करा म्हणतं. ज्यांना पिण्याच्या आधीपासूनच घाबरण्याचा त्रास होता ते या हिशोबात बसत नाहीत हे खरं, तरी निदानापुरतं शुकिट यांचं धोरण जास्त उपयोगी पडतं.

कारण मेंदूत आहे. दारू गाबा या मेंदूतल्या रसायनाचा शांत करणारा परिणाम वाढवते आणि ग्लुटामेट या उत्तेजित करणाऱ्या रसायनाला दाबते, रोज पिणाऱ्याचा मेंदू त्याला जुळवून घेतो, मग दारू अचानक काढली की ब्रेक सैल आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला अशी गत होते. थरथर साधारण ६ तासांपासून, फिट आली तर बहुधा पहिल्या २ दिवसांत, भ्रम आणि बडबड (डिलिरियम ट्रेमेन्स) २ ते ४ दिवसांत. यात जीव जाऊ शकतो, म्हणून वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने मनानेच एकदम बंद करू नये. डॉक्टर थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) देतात, आणि थोडे दिवस क्लोरडायझेपॉक्साइडसारखी शांत करणारी गोळी; थोडेच दिवस, कारण तिचीही सवय लागते.

एकटेपणावर असं नेमकं लिखाण कमी सापडतं. पिणारे दोस्त सुटतात, न पिणारे कधीच तुटलेले असतात, संध्याकाळचे सात वाजले की काय करायचं कळत नाही. एए (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याची संघटना) सुरू झालं तेही यातूनच: मे १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनच्या हॉटेलात एकटे पडलेले, नुकतीच दारू सोडलेले बिल विल्सन बारकडे न वळता आपल्यासारखाच कुणी दारुडा शोधायला फोन फिरवत बसले आणि डॉ. बॉब स्मिथ भेटले. बॉब यांचा शेवटचा घोट, म्हणजे एएची स्थापना, १० जूनची मानतात; पण ज्या डॉक्टरांच्या अधिवेशनातून ते पिऊन परतले ते सुरूच १० तारखेला झालं होतं, त्यामुळे खरी तारीख आठवडाभर पुढची असावी.

पुण्यात १९८६ ला सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पेशंटच्या बायकांसाठी वेगळा 'सहचरी' गट आहे, कारण एकट्या त्याही पडलेल्या असतात.