हवेतल्या कार्बनचं गाव शोधताना

"एक ज्वालामुखी फुटला की माणसाने आजवर सोडला नसेल इतका कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो" हा मेसेज परत फिरतोय आणि चांगली शिकलेली माणसं तो पुढे पाठवतात याचं मला खरंच वाईट वाटतं. जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा सोडतात तो आपल्या एक टक्क्याहूनही कमी भरतो. पण समजा हा हिशोब कुणाला पटला नाही, तरी हवेतला कार्बनच सांगतो तो कुठून आला ते.

कार्बनच्या अणूत सहा प्रोटॉन, बहुतेकांत न्यूट्रॉनही सहाच, तो कार्बन-१२. शंभरात एखाद्याकडे सात असतात, तो जरा जड कार्बन-१३. आता पानात रुबिस्को नावाचं एन्झाइम असतं, ते हवेतला कार्बन पकडून साखरेच्या कामाला लावतं, आणि त्याला हलका कार्बन जास्त पटकन सापडतो, जड मागे राहतो. म्हणून गहू, तांदूळ, आंबा यांच्यात कार्बन-१३ हवेपेक्षा कमी. एका ठरलेल्या दगडाशी तुलना करून हे दर हजारी मोजतात, उणे म्हणजे त्या दगडापेक्षा कार्बन-१३ तितका कमी, गहू-तांदूळ उणे २७ च्या आसपास येतात. ज्वारी, बाजरी, ऊस मात्र आधी दुसऱ्याच एन्झाइमने कार्बन पकडतात आणि शिरांभोवतीच्या पेशींत नेऊन कोंडतात, तिथे रुबिस्कोला निवडायला वावच उरत नाही, त्यामुळे ते उणे १२-१३ वर थांबतात! ताटातली पोळी कुठली आणि भाकरी कुठली हे नुसत्या आकड्यावरून कळेल. मधात उसाची साखर मिसळली तर ती पकडतात ती याच युक्तीने.

कोळसा म्हणजे जुनी झाडंच, तो उणे २५ च्या आसपास, तेल आणि गॅस साधारण त्याहून हलके. ज्वालामुखीचा वायू ढोबळमानाने उणे ५. आणि हवा? कारखाने येण्याआधी उणे ६.५ होती (बर्फात अडकलेल्या जुन्या हवेवरून कळतं), आता उणे ८.५ च्या खाली चाललीय. उणे ५ वालं काहीतरी ओतून ती इतकी हलकी कशी होईल?

जंगल जाळलं तरी हलकाच कार्बन येतो, ही शंका रास्त आहे. तिथे कार्बन-१४ लागतो, आठ न्यूट्रॉनवाला, किरणोत्सर्गी. झाड तो हवेतून घेतं आणि तो ५,७३० वर्षांत निम्मा होतो, म्हणजे जिवंत झाडात असतो, कोट्यवधी वर्षं पुरलेल्या कोळशात काहीच उरत नाही. ज्वालामुखीच्या वायूतही तो नसतो, म्हणून एकट्या १४ वर भागत नाही, दोन्ही खुणा जुळाव्या लागतात, कार्बन हलकाही असावा आणि त्यात १४ ही नसावा, आणि असा फक्त कोळसा-तेल-गॅसचाच असतो. रसायनशास्त्रज्ञ हान्स सुएस यांनी १९५५ मध्ये दाखवलं की अलीकडच्या लाकडात कार्बन-१४ कमी झालाय, म्हणजे हवेत १४ नसलेला जुना कार्बन मिसळतोय. अगदी वेळेवर झालं ते, कारण पुढच्या आठ-दहा वर्षांत अणुबॉम्बच्या चाचण्यांनी उत्तर गोलार्धातल्या हवेतला कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट करून ठेवला.